दुखणे एक, नाव दुसरेच

फेब्रुवारी-मार्च हे आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळद शिजवण्याचे दिवस. शेताशेतांत कुकर पेटलेले असतात, ओल्या हळदीच्या वाफेचा उग्र वास रात्रभर गावावर रेंगाळत असतो आणि घरातली कर्ती माणसे आठ-आठ दिवस नीट झोपलेली नसतात. २०१९ सालच्या अशाच एका रात्री, पहाटे चारच्या सुमारास, सेनगाव तालुक्यातल्या आमच्या शेतावर माझ्या थोरल्या चुलत्यांच्या डाव्या खांद्यापासून पाठीपर्यंत काहीतरी भरून आले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. वय तेव्हा अठ्ठावन्न. गडी कमी आला होता म्हणून घटकाभर त्यांनी स्वतःच शिजलेल्या हळदीची घमेली उचलून वाळवणीवर टाकली होती.

या दुखण्याला काय म्हणायचे, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. ‘उसण भरली’, असे दादाच म्हणाले. काकूंनी तेल कोमट करून पाठ चोळून दिली. घाम फुटला, पण कुकरशेजारी बसलेल्या माणसाला घाम फुटणारच. सहाच्या सुमारास मळमळू लागले. रात्रभर पोटात नुसता काळा चहा होता, मळमळणारच. मग सोडा झाला, ओवा झाला. नऊ वाजता गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचे इंजेक्शन दिले आणि थोडे बरे वाटले, की बरे वाटल्यासारखे वाटले, कोण जाणे. साडेबारा वाजता हिंगोलीत पट्टी निघाली, म्हणजे ईसीजी काढला गेला, तेव्हा दुखणे सुरू होऊन साडेआठ तास उलटले होते.

दादा वाचले. नांदेडला नेले, पुढचे उपचार झाले, माणूस घरी आला. पण हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग कायमचा गेला होता. आज ते शेताच्या बांधापर्यंत चालत जातात आणि तिथे दम खातात.

पुढे कित्येक महिने मी मनाशी हिशेब मांडत असे की चूक नेमकी कोणाची. प्रत्येक वेळी उत्तर विचित्र येई. त्या साडेआठ तासांत जो जो अंदाज बांधला गेला तो त्या क्षणी शहाणपणाचाच होता. ओझे उचललेल्या माणसाची पाठ धरते. जागरणाने पित्त होते. आगीजवळ घाम येतो. या घरात अडाणी कोणी नव्हते, हार्ट अटॅक हा शब्द ठाऊक नाही असे तर लहान पोरही नव्हते. तरीही साडेआठ तास गेले.

हे सारे आठवण्याचे कारण आजची चर्चा. गेली काही वर्षे मोबाइलवर तसल्या चित्रफिती फिरत आहेत : वरातीत नाचता नाचता कोणी कोसळला, व्यायामशाळेत तरणाबांड मुलगा खाली बसला तो उठलाच नाही. २०२५ च्या जूनमध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात काही आठवड्यांत वीसहून अधिक माणसे हृदयविकाराने गेल्याच्या बातम्या आल्या आणि कोरोनाच्या लशीवर पुन्हा बोट ठेवले गेले. खुद्द त्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी तशी शंका बोलून दाखवली. केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलैच्या सुरुवातीलाच तिचा इन्कार केला. तो इन्कार हवेत नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी धडधाकट असताना अचानक दगावलेल्या माणसांचा अभ्यास करून २०२३ मध्ये तो प्रसिद्ध केला होता. लशीने धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा : कोरोनाने पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घराण्यात कोणाचा असा अचानक मृत्यू झालेला असणे, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू पिणे, नशेचे पदार्थ घेणे आणि त्याच दोन दिवसांत अंगमेहनतीचा अतिरेक करणे.

लशीचा वाद इथे उकरून काढायचा नाही. माझा आक्षेप आहे तो ‘अचानक’ या शब्दाला. काही मृत्यू खरोखरच अचानक होतात, हृदयाचा ठोकाच बिघडतो आणि माणूस मिनिटांत जातो. पण हार्ट अटॅकने दगावणाऱ्या पुष्कळ माणसांना आधी काही तास मिळालेले असतात. ते तास कुठे जातात हे कोणी चित्रफितीत दाखवत नाही. आपल्या देशातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतून वीस हजारांहून अधिक हृदयरोग्यांची नोंद ठेवून केलेली एक पाहणी २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचायला लागलेला वेळ तिथे मोजला होता. मधल्या रुग्णाचा, म्हणजे निम्मे ज्याच्या आधी आणि निम्मे ज्याच्या नंतर पोचले अशाचा, वेळ निघाला ३६० मिनिटे. सहा तास! ही शहरांतल्या रुग्णालयांची गोष्ट आहे. आमचे दादा साडेआठ तासांवर होते, म्हणजे फार मागे नव्हते असे म्हणायचे.

हे सहा तास का जातात? रस्ते वाईट, गाडी नाही, पैसा नाही, ही उत्तरे खोटी नाहीत. त्यांच्याकडे पुढे येतोच. पण त्याआधी एक गोष्ट घडलेली असते. दुखण्याला दुसरेच नाव देऊन झालेले असते. आणि हे चुकीचे नाव बहुतेक वेळा ज्या प्रसंगाने दुखणे उफाळले तो प्रसंगच आपल्या हातात आणून देतो, असे मला वाटते. हे समजायला आत काय होते ते थोडे पाहावे लागेल.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, घराण्याचा वारसा हे त्याचे कारागीर. आमच्याकडे यात बिडी आहे, खर्रा आहे आणि बायकांची मशेरीही आहे. तंबाखू ओढली नाही, नुसती चघळली, तरी धोका दुपटीहून अधिक वाढतो हे ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने दाखवून दिले आहे. राज्यात गुटखाबंदी २०१२ साली झाली, पण टपरीवर ज्याला हवा त्याला तो मिळतो, हे वाचकांना सांगायला नको. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली : दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका येतो तो साधारण त्रेपन्नाव्या वर्षी, इतर जगापेक्षा पाच-सहा वर्षे आधी.

तर या थरावर एक पातळ पापुद्रा असतो. तो फाटला की रक्ताला ती जखम वाटते, तिथे गुठळी धरते, रोहिणी बंद होते आणि पुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. पुष्कळदा हा पापुद्रा अशा जागी फाटतो जिथे रोहिणी फारशी अरुंद झालेलीही नसते. म्हणून ‘गेल्याच महिन्यात सगळे तपासून घेतले होते हो’ असे म्हणण्याची पाळी येते.

पापुद्रा आजच का फाटला, काल का नाही? इथे निमित्त येते. रक्तदाब एकदम चढला, नाडी धावली, रोहिणी आकसली, की आधीच कच्चा झालेला पापुद्रा दगा देतो. बोस्टनच्या जेम्स मुलर यांच्या गटाने १९८५ साली दाखवले की झटक्यांची गर्दी सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत अधिक असते. १९९३ साली त्याच परंपरेतल्या दुसऱ्या अभ्यासात जड अंगमेहनतीनंतरचा तास मोजला गेला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा मेहनत करणाऱ्यांत त्या तासातला धोका अडीचपटीच्या आतच वाढला होता. एरवी बसून असणाऱ्यांत तो शंभरपटीवर गेला होता. (एका तासाचा मूळ धोका अगदीच नगण्य असतो, तेव्हा शंभरपट ऐकून कोणी उद्याचे फिरणे बंद करू नये, बोध उलट आहे, रोज फिरावे.) दादांचे हेच झाले. तारुण्यात ते पोती वाहत, पण गेली दहा वर्षे कामावर देखरेख करत होते. घमेली उचलली ती त्या एका रात्री.

राग हेही मोठे निमित्त. ‘इंटरहार्ट’च्या रुग्णांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी सांगितले की झटक्याच्या आधीच्या तासात ते संतापले होते किंवा मनाने फार अस्वस्थ होते, जवळपास तितक्यांनीच जड मेहनत केल्याचे सांगितले. दोन्हींपैकी एकाने धोका दुपटीवर जात होता, दोन्ही एकत्र आले तर तिपटीवर. बांधावरून भांडण आणि लगेच फावडे उचलणे, हे आमच्याकडे एकत्रच येते. लंडनचे प्रख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर यांना छातीचे हे दुखणे होते आणि आपले प्राण आपल्याला डिवचणाऱ्या कोणाही हलकटाच्या हाती आहेत, असे ते म्हणत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या बैठकीत वादावादी झाली आणि ते तिथेच गेले. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या अडीचपटीहून अधिक होत होत्या. आपल्याकडे भारत-पाकिस्तान सामन्याचा असा हिशेब कोणी मांडला तर वाचायला मला आवडेल.

भीतीचेही तसेच. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसला भूकंप झाला. आदल्या आठवड्यात तिथे रोज सरासरी साडेचार-पावणेपाच माणसे हृदयविकाराने अचानक दगावत होती. त्या एका दिवशी ही संख्या २४ झाली. दबून मेलेले यात नाहीत. किल्लारीची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातल्या माझ्या पिढीच्या अंगात अजून आहे आणि वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेकडची माणसे जमिनीतले गूढ आवाज वर्षानुवर्षे ऐकत आली आहेत. १० जुलै २०२४ च्या सकाळी आमच्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा अंगणात पळत आलेल्या म्हाताऱ्यांपैकी कितीजणांनी छातीवर हात ठेवला होता आणि त्यातल्या कितीजणांना शेजाऱ्यांनी ‘घाबरलात, पाणी प्या’ म्हटले असेल!

माझा मुद्दा इथेच आहे. निमित्त जे असते तेच कारण म्हणून पुढे येते. ओझे उचलताना दुखले, तर ते ओझ्याने. लग्नाच्या पंगतीनंतर दुखले, तर बुंदीने. भांडणानंतर दुखले, तर टेन्शनने. मे महिन्याच्या उन्हात दुखले, तर ऊन लागले. कोणत्याही प्रसंगाशिवाय, खुर्चीत निवांत बसलेले असताना छातीत कळ आली असती तर माणूस चमकला असता. पण हे दुखणे बरेचदा पाहुण्यासारखे सोबत कोणालातरी घेऊन येते आणि आपण सोबत्यालाच ओळखतो.

हे फक्त खेड्यात होते असेही नाही. अभिनेते श्रेयस तळपदे यांना १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत चित्रीकरण संपता संपता धाप लागली आणि डावा हात दुखू लागला. दिवसभर हाणामारीची दृश्ये चालली होती, तेव्हा स्नायू आखडला असेल असे वाटले, हे त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितले आहे. वय ४७. घरी पोचल्यावर पत्नीने त्यांना लगोलग रुग्णालयाकडे नेले, वाटेतच ते निपचित पडले, हृदय थांबले आणि विजेचे झटके देऊन ते पुन्हा सुरू करावे लागले. मुंबईसारखे शहर, हाताशी गाडी, जवळ रुग्णालय आणि वेळ न दवडणारी पत्नी. एवढे सगळे जुळले म्हणून ते आज काम करत आहेत. पहिला अंदाज मात्र आमच्या दादांचाच होता : उसण.

दुसरी अडचण भाषेची आहे आणि तिच्याकडे कोणी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. डॉक्टर विचारतात, ‘छातीत दुखते का?’ दादा नऊ वाजता ठामपणे म्हणाले होते, ‘दुखत न्हाई, भरल्यावाणी व्हायलंय.’ ते खरेच बोलत होते. आपल्या बोलीत दुखणे म्हणजे दाताचे, फोडाचे, ठेच लागलेल्या बोटाचे. जिथे बोट ठेवता येते ते. हे बोट ठेवून दाखवता येत नाही. यासाठी आमच्याकडे शब्द आहेत ते वेगळे : भरून येणे, दाटणे, आवळणे, जड पडणे, घुसमटणे, ‘कसंतरीच होणे’. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली या विकाराचे पहिले नीट वर्णन वाचून दाखवले, तेव्हा त्याने तरी काय सांगितले? चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत येणारी घुसमट; थांबले की जाणारी. त्याने दिलेल्या ‘अँजायना’ या नावाचा मूळ अर्थच गळा आवळला जाणे असा आहे. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचा तो वैद्य आमच्या दादांच्या भाषेत बोलत होता आणि आजचा आपला प्रश्न मात्र ‘दुखते का?’ एवढाच राहिला आहे.

जागाही फसवते. हृदयाकडून येणाऱ्या संवेदनेच्या नसा पाठीच्या कण्यात जिथे शिरतात तिथेच छातीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या नसाही शिरतात. मेंदूला आयुष्यभर हातापाठीच्या निरोपांची सवय, हृदयाच्या निरोपाची नाही. तेव्हा तो निरोप हाताच्या नावावर जमा करतो, पाठीच्या, जबड्याच्या, कधी दोन्ही खांद्यांच्या. हृदयाच्या खालच्या भागाला इजा झाली तर मळमळ, ओकारी, पोटात वरच्या बाजूला जळजळ. म्हणजे हुबेहूब पित्त. सोडा पिऊन ढेकर आला आणि बरे वाटले, एवढ्यावरून पित्तच होते असे ठरत नाही. या एका गैरसमजाने किती माणसे गेली असतील!

सिनेमाने आपल्या मनात एक चित्र पक्के केले आहे : हातातली तार गळून पडते, नायिकेचे वडील छाती धरतात आणि जिन्यावरून कोसळतात. असा झटका नसतो असे नाही. पण अमेरिकेतल्या अकरा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हार्ट अटॅक आलेल्या बायकांपैकी ४२ टक्के आणि पुरुषांपैकी ३१ टक्के रुग्णालयात आले ते छातीत दुखत नसतानाच. मधुमेह जुना असेल तर नसा बोथट होतात आणि दुखण्याची शक्यता आणखी कमी होते. नुसती धाप, नुसता थकवा, नुसता गार घाम.

हे सगळे मी दादांच्या आजारपणानंतर वाचले. वाचले आणि येईल त्याला ऐकवू लागलो. शिक्षकाची जात, दुसरे काय. लग्नाकार्यात माझ्याशेजारी बसायला लोक कचरू लागले.

मग २०२२ ची आषाढी आली, १० जुलै. काकूंना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली होती, तरी एकादशी कधी मोडली नाही. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली, तीनच्या सुमारास दोनदा उलटी झाली, अंगातले त्राण गेले. भगर बाधल्याच्या बातम्या आमच्या भागात दरसाल उपवासाच्या दिवसांत येतातच. चुलतभावाने मला हिंगोलीला फोन केला. मी विचारले, ‘छातीत दुखतंय का?’ तो विचारून आला आणि म्हणाला, ‘न्हाई म्हणायलीय. भगर बाधली म्हणती.’ मी म्हणालो, ‘मग लिंबाचं सरबत दे, मीठ-साखर घालून. संध्याकाळी बघू.’

हे वाक्य मी पुष्कळदा मनात पुन्हा उच्चारले आहे. धाप लागते का, घाम आलाय का, हे मी विचारले नाही. विचारले असते तर दोन्हींचे उत्तर हो होते. दादा तेवढे म्हणत राहिले की हिचा चेहरा बरा दिसत नाही, गाडी बोलवा. पण ते स्वतः रोगी, त्यांना उगाच भीती वाटते, असे सगळ्यांनी धरले. सात वाजता काकूंना हिंगोलीला आणले, पट्टी निघाली, नांदेडला हलवायचे ठरले आणि वाटेतच त्या गेल्या. ज्या घराने हा आजार एकदा जवळून पाहिला होता त्याच घराने तो दुसऱ्यांदा ओळखला नाही, कारण या वेळी तो पाठीतून आला नव्हता, पोटातून आला होता.

आता रस्त्याविषयी. सेनगाव तालुक्यातल्या टोकाच्या गावातून हिंगोली आणि हिंगोलीहून पुढे नांदेड, म्हणजे आणखी ८०-९० किलोमीटर. वेळ किती मोलाचा? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन बारा तासांपर्यंत देता येते, पण त्याचा खरा फायदा पहिल्या एक-दोन तासांत. पुढे प्रत्येक तासाला स्नायू हातचा जातो. साध्या अ‍ॅस्पिरिनची किंमत किती ते १९८८ साली सतरा हजारांवर रुग्णांच्या मोठ्या चाचणीत कळले. गुठळीवरचे इंजेक्शन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले होते. ही गोळी घरच्या घरी घ्यावी का, हे फोनवर का होईना डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण रक्तस्रावाचा त्रास असलेल्यांना किंवा महारोहिणी चिरली असेल तर ती घात करते. आणि शेजाऱ्याच्या खिशातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्याची जी पद्धत पडली आहे ती तर बंदच व्हावी; रक्तदाब आधीच पडलेला असेल तर तिने माणूस कोलमडतो.

तेव्हा आपल्याला काय हवे? प्रत्येक तालुक्याला अँजिओप्लास्टीची यंत्रणा नको, ते होणारही नाही. हवी आहे ती जवळच्या सरकारी दवाखान्यात दहा मिनिटांत निघणारी पट्टी, ती दूरच्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवण्याची सोय, तिथल्या तिथे इंजेक्शन आणि मग मोठ्या रुग्णालयाचा रस्ता. तामिळनाडूत अशी साखळी उभारून पाहिली गेली. २०१७ साली तिचे निष्कर्ष आले : वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. आपल्याकडे साहित्य नाही असे नाही. जानेवारी २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली, गाडीत डॉक्टर आणि प्राणवायू असतो. २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती राज्यभर लागू झाली. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत अँजिओप्लास्टी बसते. २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. त्याची इमारत केव्हा पुरी होणार हे लोक विचारतात. मी विचारीन की जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता पट्टी काढून ती वाचणारे माणूस असेल का.

पण यंत्रणा कितीही सुधारली तरी तिचे काम दाराशी गाडी बोलावल्यावर सुरू होते. त्याआधीचे तास घरातल्यांचे. रोगी स्वतः हे तास वाया घालवणार हे धरूनच चालावे. त्याला खर्चाची भीती असते, रात्री माणसे उठवायची लाज असते आणि ‘काहीच निघाले नाही’ तर होणाऱ्या हशाची त्याहून अधिक. म्हणून दुखते का, हे विचारण्याऐवजी शेजारच्याने इतकेच पाहावे : छातीत, पाठीत, हातात, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात कुठेही दाटल्या-आवळल्यासारखे वाटतेय आणि ते दहा-पंधरा मिनिटांत जात नाही, सोबत गार घाम, धाप, मळमळ किंवा चेहरा उतरलेला. वय चाळिशीपुढे असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू असेल, तर एवढ्यावर गाडी काढावी. चालवत नेऊ नये, मोटारसायकलवर मध्ये बसवून तर मुळीच नाही. आणि पहिली पट्टी चांगली आली म्हणून घरी परतू नये. सुरुवातीला ती चांगली येऊ शकते. थोड्या वेळाने दुसरी काढायला सांगावे.

गेल्या हंगामात मी शेतावर होतो. हळद शिजत होती. आमच्याकडे सालाने असलेला एक गडी, पंचेचाळिशीचा, पोती लावता लावता खांदा धरून बसला. तो म्हणाला, उसण भरली. दादा बाजेवर बसले होते. त्यांनी त्याला दोन प्रश्न विचारले, चेहरा न्याहाळला आणि पिकअप काढायला लावली. गडी नको म्हणत होता, कुकर अर्ध्यावर होता, बाकीचे हसत होते. हिंगोलीत पट्टी निघाली, चांगली होती. दादांनी निरोप धाडला होता, त्याप्रमाणे तिथे बसून राहिलो, दुसरी काढली, रक्त तपासले. सगळे चांगले. खरोखरच उसण होती.

आम्ही परतलो तेव्हा दुपार टळली होती आणि एक कुकर हळद वाया गेली होती. गड्याने ओशाळून दादांकडे पाहिले. दादांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, ‘उद्या परत भरली तर परत जायचं.’